केळं, रम आणि जाईबाईंची शेगडी

दिनानाथ मर्चंडे बारच्या काउंटरमागे उभा राहून आयुष्यभर लोकांना पेयं बनवून देत राहिला, पण स्वतः कधी प्यायला नाही. चव बघायची वेळ आली की काडीच्या टोकानं एक थेंब जिभेवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मोरीत जाऊन चूळ भरायचा. वाशीला आमच्या बिल्डिंगमध्ये तो तळमजल्यावर राहायचा, मी त्याच्या डोक्यावर. त्यामुळे त्याची बरीचशी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. उरलेली त्यानं रविवारी सकाळी जिन्याच्या पायरीवर बसून सांगितली.

त्याचं गाव गुहागरकडचं. छप्पन्न सालानंतर वाडीतल्या सगळ्यांनी मिळून धम्म स्वीकारला तेव्हा तो शाळकरी पोर होता. वडील लवकर गेले. आई जाईबाई गावीच राहिली आणि दिनानाथ मामाच्या ओळखीनं मुंबईत आला. कुलाब्याकडच्या एका मोठ्या हॉटेलात त्याला ग्लास धुवायचं काम मिळालं. तिथं बारवर पास्कल नावाचा गोव्याचा वयस्कर माणूस होता. दिनानाथ ग्लास पुसता पुसता त्याच्या हातांकडे बघत राहायचा. बर्फ किती, लिंबू कधी, शेकर कुठल्या अंगानं हलवायचा, सगळं तो असं बघून बघून शिकला. काही वर्षांत पास्कलनं त्याला शेजारी उभं करून घेतलं.

एकदा एका परदेशी पाहुण्यानं केळ्याचं कॉकटेल मागितलं. हॉटेलात त्यासाठी केळ्याच्या अर्काची एक पिवळी बाटली होती. पास्कलनं तीच वापरली. पाहुण्यानं एक घोट घेतला आणि ग्लास तसाच ठेवून गेला. दिनानाथनं त्या ग्लासाचा वास घेतला. शाळेबाहेर मिळणाऱ्या पिवळ्या गोळ्यांना असायचा तसला वास होता. केळ्याचा नव्हता.

"ह्यात केळं घालू या ना," तो पास्कलला म्हणाला. "खरं केळं."

पास्कल हसला. "केळं आळशी फळ आहे बाबा. ग्लासात गेलं की तळाशी जाऊन झोपतं. वर काळं पडतं. तुला जमलं तर मला दाखव."

दिनानाथला हे वाक्य लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो येताना पिशवीत केळी घेऊन यायला लागला. हिरवट केळं तुरट लागतं, फार पिकलेलं चिकट होतं. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं सगळ्यात गोड, पण ते दोन दिवसच टिकतं. लिंबू आधी पिळलं तर रंग राहतो. मिक्सर जास्त फिरवला तर नुसता फेस होतो. हे सगळं तो चुका करत करत शिकला. शेवटी पास्कलनं एकदा त्याच्या हातचा ग्लास पाहुण्याकडे जाऊ दिला, आणि तो रिकामा होऊन परत आला. त्यानंतर ती पिवळी बाटली फडताळात मागे गेली.

एकोणऐंशी साली सोड्याची बाटली त्याच्या हातात फुटली. उजव्या हाताला तळव्यापासून मनगटापर्यंत चीर पडली, आतल्या शिरा तुटल्या. ऑपरेशन झालं, जखम भरली, पण दोन बोटं वळेनात आणि मूठ घट्ट होईना. हॉटेलनं त्याला तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवलं. खोक्यांवर नजर ठेवायची आणि चाव्या सांभाळायच्या. बसून पगार मिळत होता, नातेवाईक म्हणाले, नशीबवान आहेस. दिनानाथनं काही महिने ते काम केलं. मग एके दिवशी चाव्या साहेबांच्या टेबलावर ठेवून घरी आला.

"मी बारवाला आहे," तो बायकोला म्हणाला. "खोकी मोजायला मी मुंबईत आलो नव्हतो."

बायको सरोजिनी प्राथमिक शिक्षिका. तिला वाशीच्या नव्या शाळेत नोकरी मिळाली होती आणि त्याच सुमारास त्यांना आमच्या बिल्डिंगमध्ये घर लागलं होतं. तेव्हाची वाशी म्हणजे रुंद रस्ते, छोटी झाडं आणि संध्याकाळी खाडीवरून येणारा वारा. सामानासाठी पूल ओलांडून चेंबूरला जायला लागायचं. गावाहून जाईबाई आल्या. लेक वैशाली दोन वर्षांची होती. घरात एक पगार आणि घरी बसलेला नवरा. सरोजिनी एवढंच म्हणाली, "काय करायचं ते ठरव. पण ठरवलंस की मधे सोडू नकोस."

त्याच आठवड्यापासून आमच्या घरात सकाळी खालून एक आवाज यायला लागला. खुळखुळ, खुळखुळ, थोडा थांबून पुन्हा खुळखुळ. माझ्या आईला वाटलं मुलाचा खुळखुळा असेल, पण तो अर्धा अर्धा तास चालायचा. एकदा मी खाली जाऊन बघितलं तर दिनानाथ गॅलरीत उभा होता. डाव्या हातात स्टीलचा शेकर, आत पाणी आणि चिंचोके. तो खांद्यापासून हात हलवत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"डावा हात शिकतोय," तो म्हणाला. "पस्तीस वर्षं नुसता ताटाला टेकून बसला होता. आता त्याला शाळेत घातलाय."

शेकर हातातून निसटून पडायचा. चिंचोके गॅलरीभर व्हायचे. जाईबाई ते एकेक वेचून पुन्हा वाटीत भरायच्या आणि त्याच्या शेजारी ठेवायच्या. तो कशासाठी शिकतोय हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं. तरी त्या चिंचोके वेचायच्या.

जाईबाई रोज सकाळी आंघोळ करून भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायच्या आणि पंचशील म्हणायच्या. पाचव्या शीलावर, दारूपासून दूर राहण्याच्या त्या ओळीवर, त्यांचा आवाज जरा चढायचा. तो आतल्या खोलीत दाढी करणाऱ्या मुलासाठी असायचा.

"मी पीत नाही, आई," दिनानाथ आतूनच म्हणायचा.

"पाजतोस," त्या म्हणायच्या.

हे बोलणं एवढ्यावरच थांबायचं. दोघंही हटायचे नाहीत आणि दोघंही आवाज वाढवायचे नाहीत.

वाशीच्या बस डेपोसमोर तेव्हा एक नवा परमिट रूम निघाला होता. मालक पंढरी कोळी, नेरूळजवळच्या सारसोळ्याचा. घरची भातशेती नव्या शहरात गेली होती. खाडीतली मासेमारी भावानं सांभाळली आणि पंढरीनं हा धंदा टाकला. गडी तोंडाचा रोखठोक. दिनानाथ काम मागायला गेला तेव्हा त्यानं आधी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"एका हातान काय करशील तू? नि इथं कॉकटेल कोनाला पायजे? लोकांना कॉर्टर पायजे, सोडा पायजे, शेंगदानं पायजेत."

"ते मी देईनच," दिनानाथ म्हणाला. "पण काउंटरचा एक कोपरा मला द्या. तिथं मी काय करतो ते बघा आणि मग ठरवा."

पंढरीनं त्याला ठेवला. कोपराही दिला. हात नीट न चालणारा माणूस इतक्या ताठ मानेनं बोलतो याचंच त्याला नवल वाटलं असावं.

दिनानाथनं पहिलंच पेय केळ्याचं करायचं ठरवलं. कारण साधं होतं. वाशीत तेव्हा आंबा मोसमात यायचा, अननस कधीतरी यायचं, पण हातगाडीवर केळी बारा महिने असायची. त्यानं पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं: केळं, रम, लिंबू, बर्फ.

पहिल्याच संध्याकाळी त्याची फजिती झाली. एका कंत्राटदारानं गंमत म्हणून ग्लास मागवला. दिनानाथनं केळं सोलून मिक्सरमध्ये टाकलं आणि वीज गेली. नव्या शहरात वीज अशी रोजच जायची. तो थांबला, मग चमच्यानं केळं ठेचायला लागला. वळत नसलेल्या बोटांनी वाटी धरली होती, ती सरकत होती. ग्लास टेबलावर पोचेपर्यंत वरचा थर तपकिरी झाला होता आणि तळाशी गुठळ्या बसल्या होत्या.

कंत्राटदारानं चमचा फिरवला. "काय रे, हे शिकरण आहे काय? पोळी कुठाय?"

सगळा परमिट रूम हसला. पंढरीही हसला, मग उठून पुठ्ठा काढायला गेला. दिनानाथनं डावा हात पुठ्ठ्यावर ठेवला.

"राहू दे, शेठ. मला थोडे दिवस द्या."

"लोकं हसतान रं तुला."

"हसू देत. उद्या पण मी इथंच आहे."

तो खरंच रोज तिथंच होता. क्वार्टर द्यायचा, सोडा फोडायचा. बाटलीभोवती फडकं गुंडाळूनच फोडायचा. आणि रिकामा वेळ मिळाला की केळ्यांशी झुंजायचा. वेलची केळी घेऊन बघितली. गोड, पण एका ग्लासाला चार लागायची. वसईकडची लांबोडी राजेळी घेतली. ती दिसायला देखणी, पण कच्ची असली की घट्ट, आणि ठेचली की तिचा नुसता लगदा व्हायचा. हॉटेलातलं सगळं शिक्षण मिक्सर आणि बर्फाच्या यंत्रावर उभं होतं. इथं वीज नव्हती, आणि हातही एकच होता.

त्या वर्षी थंडीत वैशालीला खोकला झाला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी रात्रभर पोर ढासायची. जाईबाईंची गॅलरीत कोळशाची शेगडी होती. गॅस आला तरी ती त्यांनी टाकू दिली नव्हती. एका दुपारी त्यांनी राजेळीचं पिकलेलं केळं सालीसकट निखाऱ्यांवर ठेवलं. साल काळी पडली, फुटली, आतून वाफ आली. मग त्यांनी साल उलगडली, आतला मऊ सोनेरी गर वाटीत काढला, वर मिऱ्याची पूड भुरभुरली आणि नातीला बोटानं भरवला.

दिनानाथ कामावर जायला निघाला होता. दारातच थांबला. आत येऊन वाटीतला थोडा गर त्यानं बोटावर घेतला.

"हे काळं पडत नाही?" त्यानं विचारलं.

"भाजलेलं क्येलं कशाला काळं पडंल? माजी आय आमाला हेच द्यायची. छातीला बरं."

तो उभ्याउभ्या ती वाटी बघत राहिला. गर गुळगुळीत होता. चमच्यानं दाबला की विरघळत होता. मिक्सर नको, जोर नको, लिंबूही नको. चवीत धुराचा वास आणि काकवीसारखा गोडवा. तो त्या दिवशी कामावर उशिरा पोचला, कारण वाटेत नारळ घ्यायला थांबला होता.

पुढच्या काही दिवसांत पेय ठरलं. राजेळी दुपारीच परमिट रूमच्या तंदूरच्या कडेला भाजून ठेवायची. ग्लासात दोन चमचे गर, त्यावर गुळाचं पाणी, नारळाचं घट्ट दूध, काळी रम, फोडलेला बर्फ. डाव्या हातानं शेकर हलवायचा, आणि वर चिमूटभर मिरी. पहिला ग्लास त्यानं पंढरीपुढे ठेवला. पंढरीनं एक घोट घेतला, मग ग्लास उजेडात धरून बघितला.

"यो काय हाय?"

"केळंच आहे, शेठ."

पंढरीनं ग्लास संपवला आणि पुठ्ठा स्वतःच्या हातानं दर्शनी भागात नेऊन लावला. तो कंत्राटदार पुन्हा आला तेव्हा पंढरीनं त्याला न विचारताच एक ग्लास पाठवला. त्यानं दुसरा मागवला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे अधिकारी यायला लागले. सुटीच्या दिवशी लोक पूल ओलांडून चेंबूरहून यायला लागले. क्वार्टर पिणारेही आधी एक केळ्याचा ग्लास मागायचे. दिनानाथच्या डाव्या हाताला आता शेकर जड वाटत नव्हता.

हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं. दिनानाथनं मुद्दाम लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही. दिवाळीला पंढरी कोळी मिठाई आणि मोठी पापलेटं घेऊन मर्चंड्यांकडे आला. मीही तेव्हा खाली बसलो होतो. पंढरी जाईबाईंच्या पाया पडला आणि मनापासून म्हणाला, "आजी, तुमचे केल्यानी माजा धंदा उबा केला. आख्ख्या वाशीन नाव हाय."

"कसलं क्येलं?" जाईबाईंनी विचारलं.

पंढरीनं सांगितलं. भाजलेलं केळं, मिरी, रम. सांगताना त्याला कौतुकच होतं. जाईबाई ऐकत राहिल्या. मिठाईचा पुडा त्यांनी हातातून खाली ठेवला आणि आत गेल्या. पंढरीला काही कळलं नाही. दिनानाथला कळलं. तो पंढरीला दारापर्यंत सोडून आला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला.

"रागावलीस?"

"तुज्या बापाला दारू व्हती, ठाव हाय तुला?" जाईबाई म्हणाल्या. "न्हाय, तुला कुठलं ठाव. तू ल्हान व्हतास. माजा भाऊ त्यातच ग्येला. धम्म घ्येतला त्या सालात आमी बायांनी वाडीतली दारूची मडकी भायेर काडून फोडली. तुज्या बापानं आपल्या घरचं मडकं सोताच्या हातानं फोडलं. त्यानंतर मरंपरेंत त्यानं तोंडाला लावली न्हाय. मी ह्ये सगळं बगितलंय. तू दारूच्या कामाला लागलास, मी गप बसले. प्वाट हाय, समजलं. पन त्ये क्येलं माज्या आयचं हाय. पोरांच्या छातीसाटी हाय. त्ये तू दारूत घातलंस, नि मला इचारलं पन न्हाईस."

दिनानाथ जमिनीवर बसला, आईच्या पुढ्यात.

"विचारायला हवं होतं. आता विचारतो. घालू?"

"न्हाय," जाईबाई म्हणाल्या.

"बरं."

एवढंच झालं. मी तिथून उठून वर आलो. मला वाटलं होतं, दोन दिवसांत मिटेल आणि धंदा आहे तसा चालू राहील. पण दुसऱ्या संध्याकाळी दिनानाथनं परमिट रूममध्ये जाऊन तो पुठ्ठा उतरवला.

पंढरी भडकला. "डोकं फिरलं काय तुजं? ऐन सणान? आयला कोन सांगनार हाय?"

"मीच सांगीन," दिनानाथ म्हणाला. "तिचं होतं, तिनं नाही म्हटलं. आता मी दुसरं करतो."

"नि नाय जमला त?"

"मग क्वार्टर देईन, सोडा देईन, शेंगदाणे देईन. पण जमेल."

पंढरी चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. गिऱ्हाइकं येऊन केळ्याचा ग्लास मागायची आणि दिनानाथ शांतपणे सांगायचा, बंद आहे. काही जण चिडायचे, काही जण उठून जायचे. दुसरं कोणी असतं तर डोळ्यांदेखत चाललेली गर्दी बघून पुठ्ठा परत लावला असता. पंढरीनं स्वतः तंदूरवर केळी भाजायला लावून बघितली, तर दिनानाथनं एप्रन काढून काउंटरवर ठेवला. पंढरीनं ती केळी मुकाट्यानं आचाऱ्यांना खायला दिली.

दिनानाथ पुन्हा न भाजलेल्या केळ्यांपासून सुरू झाला. ठेचायचं नाही, भाजायचं नाही, मग केळ्याची चव पेयात उतरवायची कशी? सरोजिनीनं त्याला लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवलं. "कैरी खाराला चव देते ना? तुझं केळं बरणीत घालून बघ."

त्यानं परमिट रूममध्ये काचेची बरणी घेतली. ठिपकेवाल्या वेलची केळ्यांच्या चकत्या, त्यावर काळी रम, आणि वर फडकं. पहिल्या बरणीतल्या चकत्या फार दिवस राहिल्या आणि कडवट झाल्या. दुसरी लवकर काढली, तिला चवच नव्हती. तिसरी त्यानं रोज काडीच्या थेंबानं तपासली, आणि योग्य वेळी मलमलीतून गाळली. रम पूर्वीसारखीच काळी, स्वच्छ, पण नाकाशी नेली की पिकल्या केळ्यांच्या घडाचा वास. त्यात आल्याचा रस, लिंबू आणि सोडा. गुठळ्या नाहीत, काळं पडणं नाही, वीज असो वा नसो.

पास्कल असता तर त्याला हे दाखवलं असतं, असं तो मला म्हणाला. पण पास्कल तोवर गोव्याला परत गेला होता.

नव्या ओळीसह पुठ्ठा परत लागला आणि नवं पेय चाललं. आधीच्यासारखी झुंबड उडाली नाही, पण चाललं. न्हावा-शेवा बंदराचं काम सुरू झालं तेव्हा तिथले इंजिनियर उरणच्या बाजूनं गाड्या घेऊन यायला लागले, आणि त्यांना हेच जास्त आवडायचं. पंढरीचा राग गेला. "तुजे आयनी मला वाचवला," तो एकदा म्हणाला. "भाजलेला केला रोज कोन भाजत बसनार होता?"

पण दिनानाथच्या डोक्यातून भाजलेलं केळं गेलं नव्हतं. एका रविवारी तो आईजवळ शेगडीपाशी बसला.

"आई, दारू न घालता दिलं तर?"

जाईबाईंनी निखारे सारखे केले. "कोनाला द्येनार?"

"परमिट रूममध्ये न पिणारे पण येतात. मार्केटातले कांद्याचे व्यापारी येतात, दारूला शिवत नाहीत, पण गिऱ्हाइकांसोबत बसावं लागतं. त्यांना लिमलेटची बाटली देतात. फॅमिली रूममध्ये बायका येतात, पोरं येतात. त्यांना काहीच नाही."

"रम न्हाय?"

"एक थेंब नाही. वेगळा ग्लास, वेगळा शेकर, वेगळा चमचा."

जाईबाईंनी विचार केला. घाई नव्हती त्यांना. "मिरी घालताना ताजी कुटून घाल," शेवटी त्या म्हणाल्या. "बाजारची पूड घालू नगंस. नि नारळाचं दूद पयल्या पान्याचं."

पुठ्ठ्यावर खालच्या बाजूला नवी ओळ आली: भाजलेलं केळं, नारळाचं दूध, गूळ, मिरी. बिनदारूचं. व्यापाऱ्यांनी लिमलेट सोडलं. दारू पिणाऱ्यांच्या टेबलावर न पिणाऱ्याच्या हातात आता तोलामोलाचा ग्लास असायचा. त्यालाही बर्फ, त्यालाही वर मिरी. पेयं बनवताना दिनानाथ दोन्हींना सारखीच मेहनत घ्यायचा. एकदा एक ओळखीचं गिऱ्हाईक म्हणालं, यात थोडी रम मारून दे, पूर्वीसारखी. दिनानाथनं त्याच्यापुढे बरणीतल्या रमचा ग्लास ठेवला. "तुमचं हे. ते वेगळं आहे, त्यात घालत नाही."

अठ्ठ्याऐंशी साली नेरूळला नवीन सेक्टरमध्ये दुकानांचे छोटे गाळे निघाले. सरोजिनीच्या नावावर अर्ज केला आणि गाळा लागला. दिनानाथनं तिथं दिवसा चालणारं सरबताचं दुकान काढलं. सकाळी नेरूळ, संध्याकाळी वाशीचा परमिट रूम, असा त्याचा दिवस झाला. मी त्याला विचारलं, आता दुकान चालतंय, तर बार सोडून का देत नाहीस? आईला बरं वाटेल.

"आईला बरं वाटावं म्हणून मी केळं सोडलं," तो म्हणाला. "काम कसं सोडू? ते माझं आहे. ती तिचं सोडते का?"

जाईबाईंनी आपलं सोडलं नव्हतं. पाचव्या शीलावर आवाज अजून चढायचा. परमिट रूमची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. पंढरीच्या पोरीच्या हळदीला सारसोळ्याला गेल्या तेव्हाही दारूचा मांडव टाळून लांबच्या वाटेनं गेल्या. पण नेरूळच्या दुकानात त्या पहिल्या दिवसापासून बसल्या. केळी भाजायला दुसरं कोणी नको, असं त्यांनीच ठरवलं. दिनानाथनं दुकानाच्या तोंडाशी, वारा लागेल अशा ठिकाणी त्यांची शेगडी मांडून दिली. शाळेतून सुटलेली पोरं, बांधकामावरच्या बाया, बेलापूरच्या कचेऱ्यांतले कारकून तिथं थांबायला लागले. खोकला झाला की लोक लांबून यायचे आणि त्या मिरी जास्त घालून द्यायच्या.

एका दुपारी मी तिथं बाकावर बसलो होतो. दिनानाथ बर्फ आणायला गेला होता. नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलेले एक गृहस्थ आले, त्यांनी केळ्याचा ग्लास घेतला आणि अर्धा पिऊन म्हणाले, "आजी, फार छान आहे. यात थोडी रम पडली तर काय बहार येईल. ठेवता का आत?"

मला वाटलं, आता ह्यांची काही खैर नाही. जाईबाईंनी चिमट्यानं एक केळं उलटलं.

"हितं न्हाय," त्या म्हणाल्या. "दारूचं पायजे तर सांजच्याला वाशीला जावा, डेपोसमोर. थितं माजा ल्योक असतो. ब्येस करतो म्हनतात."